फुल्यांच्या घरातले बालहत्या प्रतिबंधक गृह

पूर्वी उच्चवर्णीय विधवेला पुन्हा लग्न करू देत नसत. दिवस गेले तर लोकलाजेपायी नवजात बाळ मारले जाई, नाहीतर आईच जीव देई. म्हणून १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे, बाळ न्यावे किंवा ठेवून जावे. अशाच एका आईच्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी रुग्णसेवा केली. त्यातच सावित्रीबाई गेल्या.

आजही बाळ सांभाळणे अशक्य असेल तर ते बाल कल्याण समितीकडे कायदेशीरपणे सोपवता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ वर फोन करा. आणि अडचणीतल्या मुलीला नावे ठेवू नका. भीतीपोटी ती दवाखान्यात उशिरा येते आणि दोन्ही जीव धोक्यात येतात.