परसबागेतील भाजीपाला : रोगनिदान व उपाय (अमेरिका)

अमेरिकेत घरामागचे वाफे, कुंड्या व सामायिक बागा यांत पिकवलेल्या भाज्यांवरील रोग, किडी आणि वाढीतील बिघाड ओळखून त्यांवर उपाय करण्याची पद्धत. बिघाडाचे कारण ठरल्याशिवाय फवारणी करायची नाही, हा या पद्धतीचा पाया आहे. पान पिवळे पडले की औषधाची बाटली शोधण्याची सवय सगळीकडेच दिसते; पण परसबागेत पुष्कळदा दोष रोगाचा नसून पाणी, तापमान, माती किंवा हंगाम यांचा असतो आणि अशा वेळी कोणतेही औषध निरुपयोगी ठरते.

या पद्धतीमागे जुनी सार्वजनिक व्यवस्था आहे. 1862च्या मॉरिल कायद्यामुळे राज्याराज्यांत शेतकी शिक्षण देणारी विद्यापीठे उभी राहिली, 1887च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रे मिळाली आणि 1914च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तेथील ज्ञान लोकांच्या दारी नेणारी कृषी विस्तारसेवा सुरू झाली. शहरे पसरली तसा घरबाग करणाऱ्यांच्या शंकांचा ओघ विस्तार अधिकाऱ्यांना आवरेना. त्यातून 1972-73मध्ये वॉशिंग्टन राज्यातील सिएटल-टकोमा भागात ‘मास्टर गार्डनर’ योजना निघाली. प्रशिक्षण घेतलेले हे स्वयंसेवक लोकांच्या शंकांना विनामूल्य उत्तरे देतात. न्यू जर्सीतील रटगर्स, न्यूयॉर्कमधील कॉर्नेल यांसारख्या विद्यापीठांच्या रोगनिदान प्रयोगशाळा थोड्या शुल्कात नमुना तपासतात. नमुना पाठवताना वाळलेले एखादे पान पुरत नाही. शक्य तर मुळांसकट, अर्धवट आजारी रोप द्यावे, सोबत छायाचित्रे आणि पाणी-खताची माहिती जोडावी.

निदानाची सुरुवात निरीक्षणाने होते. बिघाड एका रोपाला आहे की वाफ्यातील वेगवेगळ्या जातींच्या सगळ्या पिकांना? खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्यावर? एका रात्रीत दिसला की हळूहळू पसरला? निरनिराळ्या पिकांवर एकदम दिसलेला बिघाड बहुधा थंडी, पाणी किंवा तणनाशकाचा असतो. एका रोपावरून शेजारच्या रोपावर सरकत जाणारा बहुधा रोगाचा किंवा किडीचा. नत्र कमी पडले तर जुनी पाने आधी पिवळी होतात, लोह कमी पडले तर कोवळी.

तेथील मराठी कुटुंबांच्या बागांत हवामानाचा प्रश्न विशेष जाणवतो. भेंडीचे बी थंड जमिनीत कुजते. माती सुमारे 18 अंश सेल्सियसच्या वर गेल्यावरच ते पेरावे. कोथिंबीर जूनच्या लांब दिवसांत आणि उन्हात पटकन फुलावर येते, म्हणून ती वसंतात व पुन्हा ऑगस्टअखेर पेरणे बरे. पावट्याचा वेल उन्हाळाभर मांडव भरून टाकतो, पण जुन्या वाणांना फुले येण्यासाठी दिवस लहान व्हावे लागतात. उत्तरेकडील राज्यांत ती सप्टेंबरात येतात आणि शेंगा भरण्याआधी हिमतुषार पडतो. खत वाढवून हे सुधारत नाही, उलट पालाच माजतो. दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले, बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेच्या ‘अर्का जय’सारखे झुडपी वाण हा खरा उपाय. मात्र भारतातून बी नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र किंवा थोड्या बियाण्यासाठीचा अमेरिकी कृषी खात्याचा परवाना लागतो. दुधीची बोटभर फळे पिवळी पडून गळतात तेव्हा बहुतेक वेळा परागीभवन झालेले नसते. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्या वेळी नरफुल खुडून मादीफुलावर हलके टेकवले की फळ धरते. टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडणे हाही रोग नव्हे. पाणी कधी कमी, कधी जास्त मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. अंड्याची टरफले टाकून तो डाग थांबत नाही. आठवड्याला सुमारे अडीच सेंटीमीटर पाणी आणि पेंढ्याचे आच्छादन यांनी पुढची फळे चांगली येतात.

किडींपैकी लाल भोपळा व झुकिनीचे खोड पोखरणारी अळी सर्वांत दगाबाज. हिरवागार वेल दुपारी एकाएकी मान टाकतो आणि बुडाशी भुशासारखी विष्ठा दिसते. खोड उभे चिरून अळी काढावी व त्या जागी माती चढवावी. पुढच्या वर्षी वेल फुलावर येईपर्यंत झिरझिरीत कापडाखाली ठेवावा. काकडीचा वेल सुकला तर खोड कापून दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत आणि हळूच दूर न्यावीत. चिकट तार सुटली तर तो काकडीच्या भुंगेऱ्यांनी आणलेला जिवाणूजन्य मर रोग होय. त्यावर औषध नाही, वेल उपटावा. टोमॅटोवरील बोटाएवढी हिरवी अळी हाताने वेचता येते. मात्र तिच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष असतील तर तिला हात लावू नये. ते परजीवी गांधीलमाशीचे असतात आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त करतात.

टोमॅटोच्या खालच्या पानांवर वर्तुळाकार कड्यांचे डाग असले तर लवकर येणारा करपा समजावा. खालची पाने काढणे, पाणी पानांवर न देता मुळाशी देणे, पिकाची जागा बदलणे एवढ्याने तो बराच आटोक्यात राहतो. उशिरा येणारा करपा मात्र वेगळा. फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या त्याच्या रोगकारकाने 1845पासून आयर्लंडचा बटाटा बुडवला, आणि 2009च्या थंड, ओल्या उन्हाळ्यात तोच अमेरिकेच्या ईशान्य राज्यांत दुकानांतून विकल्या गेलेल्या रोगट रोपांबरोबर घरोघर पोचला. शेजारच्या शेतांचेही त्याने नुकसान केले. अशी रोपे पिशवीत बंद करून टाकणे हे शेजाऱ्यांबद्दलचे कर्तव्य आहे.

विकतच्या कंपोस्टात तणनाशकाचे अंश असू शकतात. 2000च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे क्लोपिरॅलिडमुळे असे घडले. शंका असल्यास कुंडीत घेवड्याचे बी पेरून पाहावे. पाने वाटीसारखी वळली तर ते खत भाज्यांना घालू नये.

रासायनिक उपाय शेवटी येतो. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील सूचना तेथे कायद्याने बंधनकारक आहेत. भाजीचे नाव वेष्टनावर नसेल तर ते औषध तिच्यावर मारता येत नाही, आणि फवारणी व तोडणी यांत सांगितलेले अंतर पाळावेच लागते. कोबीवरील अळ्यांसाठी बीटी हा जिवाणूजन्य, मधमाश्यांना सौम्य पर्याय आहे.

मराठी घरांना लागू पडणारा आणखी एक नियम कढीपत्त्याचा. लिंबूवर्गीय झाडांचा घातक ‘हरितन’ रोग पसरवणारी सिला ही कीड कढीपत्त्यावर वाढते. ती 1998मध्ये व रोग 2005मध्ये फ्लोरिडात आढळला. त्यामुळे फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांतील प्रतिबंधित भागांतून कढीपत्त्याची रोपे व ताजी पाने बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. नातेवाइकांकडचे रोप गाडीत घालून आणण्याआधी काउंटीच्या विस्तार कार्यालयात किंवा राज्याच्या कृषी खात्याकडे चौकशी करावी.