ताट, पाळी आणि घोर : गिरणगावच्या आहाराची एक बाजू

आहाराचा आणि चिंतेचा संबंध आज घरोघर ठाऊक आहे. अक्रोड खा, साखर कमी करा, संध्याकाळनंतर चहा नको. सल्ला चांगलाच आहे. पण शिवडीत उभं राहून हा विषय मांडायचा, तर आम्हाला ताटाच्या आधी पगाराकडे बघावं लागतं.

1921-22 साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांचा तो अहवाल 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक निरीक्षण आम्ही कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. दुष्काळ संहितेत जास्तीत जास्त जेवढं धान्य द्यायला परवानगी होती, साधारण तेवढंच गिरणी कामगाराच्या पोटात जात होतं. आणि मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेला शिधा त्याहून जास्त होता. म्हणजे दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस कैद्याहून कमी खात होता! शिवाय जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात. व्याज रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर.

इथे कुणी विचारेल, मग घोर कर्जाचा होता की अन्नाचा? प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानात आम्हाला हीच सवय लावली जाते : दोन कारणं एकत्र नांदत असतील तर ती आधी वेगळी करून बघा. गिरणगावात ती वेगळी होत नाहीत. ती झाली अमेरिकेत. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या डोक्यावर ना सावकार होता, ना मागे खाणारी तोंडं. प्रयोग कधी संपणार हेही त्यांना माहीत होतं. तरीही ते उदास झाले, चिडचिडे झाले, अन्नाशिवाय त्यांना दुसरं काही सुचेना. आणि चहा-कॉफी ते इतकी पिऊ लागले की मर्यादा घालावी लागली.

आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो. मग विचारतो, वेद म्हण बघू. मुलाला काही आठवत नाही. जेवल्यावर आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे बापानं मुलाला युक्तिवादानं नव्हे, उपाशी ठेवून पटवलं. (आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात या गोष्टीला हवा तेवढा वेळ कधी मिळाला नाही, ते असो.)

चहाचं गिरणगावातही तेच. रातपाळीला झोप मारायला चहा, आणि महिनाअखेर भूक मारायलाही चहाच. रिकाम्या पोटी कपावर कप गेले की छातीत धडधडतं, हात थरथरतात, दिवसा अंथरुणावर पडलं तरी डोळा लागत नाही. आज हीच लक्षणं घेऊन माणूस दवाखान्यात गेला, तर डॉक्टर आधी चिंतेबद्दल विचारतील.

या सगळ्याला एक मोठा उतारा गिरणगावानं स्वतः शोधला होता. तो म्हणजे खाणावळ. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार खाणावळवाल्या बाईकडे दोन वेळा जेवायचा आणि पगार झाला की हिशेब करायचा. खाडा झाला तर तो वजा. जेवण साधंच. भाकरी किंवा चपाती, भात, आमटी, कधी सुकट, वार बघून मटण. पण पहिली पाळी असो की तिसरी, ताट ठेवलेलं असे. आमच्या मते खाणावळीचं खरं मोल कालवणाच्या चवीपेक्षा या खात्रीत जास्त होतं. उद्या जेवायला मिळेल का, हा प्रश्न त्या माणसाच्या डोक्यातून निघून जाई.

निघून कुठे जाई? बाईच्या डोक्यात. वाण्याची उधारी तिची, सावकाराचं व्याज तिचं. म्हणून तर 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. मग 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबला तशी खाणावळीची बाकी तुंबली. पुष्कळ जण गावी गेले, त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. संपात कामगाराचे हाल झाले, ते लिहिले गेले, त्यावर सिनेमे निघाले. ज्या बाईच्या वहीत त्याच्या जेवणाची बाकी तशीच राहिली, तिला त्या वर्षी झोप लागत होती का, ती स्वतः काय खात होती, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. शिवडी-लालबागच्या चाळींत त्यांच्यापैकी काही जणी, निदान त्यांच्या सुना आणि लेकी, अजून आहेत. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात तशी वही असेल, तर ती रद्दीत टाकू नका.