दान, कर्ज आणि शिक्षण : जैन वसतिगृहांच्या इतिहासातील काही पाने

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील अनेक जैन कुटुंबांची आर्थिक घडी विस्कटू लागली होती. व्यापारी घराण्यातील मुलगा लहान वयातच पेढीवर बसे. पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत करी, कीर्द लिहिणे व खतावणी करणे शिके आणि तेवढ्या शिदोरीवर त्याचा जन्म निघून जाई. परंतु १८६५ साली कापसाची तेजी ओसरली आणि मुंबईतील भल्याभल्या पेढ्या बसल्या. १८७५ मध्ये दख्खनचे दंगे झाले, १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि खेड्यातील देवघेवीचा व्यवसाय पूर्वीसारखा राहिला नाही. दक्षिण महाराष्ट्रातील स्थिती तर निराळीच होती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील बहुसंख्य जैन व्यापारी नव्हतेच. ते शेतकरी होते. जैन म्हणजे सावकार असे मानणाऱ्यांना हे आजही सांगावे लागते.

अशा वेळी समाजातील काही दूरदर्शी गृहस्थांच्या ध्यानात आले की, अडचणीतील कुटुंबाला धान्य वा रोकड दिली तर एक वर्ष निभावते. एक मुलगा शिकवला तर घर उभे राहते. मूळचे सुरतचे आणि मुंबईत मोत्यांच्या व्यापारात नावारूपास आलेले दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) हे त्यांत अग्रणी होत. त्यांनी १९०० साली मुंबईत आपल्या वडिलांच्या नावाने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. त्याआधी एक वर्ष, १८९९ मध्ये, निपाणीजवळील स्तवनिधी या क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती. सभेने पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे वसतिगृहे चालविली. सभेचे एक धुरीण अण्णासाहेब लठ्ठे हे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

शाळा न काढता वसतिगृहेच का काढली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सरकारी व संस्थानी शाळा-महाविद्यालये शहरांत होती आणि त्यांची फी हा खर्चाचा लहान भाग होता. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. त्यातही श्रावकाच्या घरातील मुलाला कंदमुळे वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि गाळलेले पाणी. हे नियम कोणती खानावळ पाळणार? धर्म सुटेल या भीतीने आई मुलाला तालुक्याच्या गावीही पाठवीत नसे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराने ही भीती घालविली. शिक्षणाच्या आड येणारी अडचण किती वेळा पुस्तकाची नसून ताटाची असते, हे त्या काळच्या संचालकांना नेमके उमगले होते.

पैसा उभा करणे मात्र सोपे नव्हते. श्वेतांबर परंपरेत बोल्यांतून जमणारी मोठी रक्कम देवद्रव्यात जाते आणि देवद्रव्य मंदिर व जिनबिंब यांखेरीज अन्यत्र वापरता येत नाही. ज्ञानखात्याचा विनियोगही शास्त्रे व ज्ञानसाधना यांपुरता मानला जातो. श्रावक-श्राविकांसाठी उरते ते साधारण खाते, आणि ते बहुतेक ठिकाणी रोडावलेलेच असते. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निधी मागावा लागला. व्यावहारिक शिक्षणावर समाजाचा पैसा खर्च करावा काय, असा आक्षेपही आला. आचार्य श्रीमद् विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांनी आपला अधिकार शिक्षणाच्या पारड्यात टाकला, आणि त्यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले.

या विद्यालयाने रूढ केलेली कर्जाऊ शिष्यवृत्ती जमाखर्चाच्या दृष्टीने फार विचारपूर्वक योजलेली आहे. विद्यार्थ्यावर होणारा खर्च त्याच्या नावे मांडायचा आणि तो कमावता झाल्यावर त्याने रक्कम परत करायची. दान दिले की ते खर्चाच्या बाजूस पडून खाते बंद होते. येथे ते येणे म्हणून पुस्तकात जिवंत राहते आणि परत आलेला रुपया दुसऱ्या मुलाच्या कामी येतो. शिवाय घेणाऱ्याची मान ताठ राहते, कारण तो याचक नसतो, ऋणको असतो. उधारीचा व्यवहार करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की, अशा खात्यातील सर्वच रकमा वेळेवर येत नाहीत. तथापि काही रक्कम बुडाली तरी शिकलेला मुलगा बुडत नाही, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघाले होते. पेढीवरच्या मुलाला वाणिज्य शाखेची पदवी मिळविण्याची वाट त्यामुळे त्याच सुमारास खुली झाली.

मुलींचे काय, हा प्रश्न दीर्घकाळ मागेच राहिला. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर कुटुंबाची अवस्था काय होते, हे शेठ माणिकचंदांनी स्वतःच्या घरात पाहिले. त्यांची कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. पित्याने त्यांना शिकविले, आणि मगनबाईंनी ललिताबाई व सोलापूरच्या कंकुबाई यांच्या साथीने श्राविकाश्रमाचे कार्य उभारले. तेथे विधवा व निराधार भगिनींना धर्मशिक्षणाबरोबर शिक्षिका होण्याइतके लेखन-वाचन आणि हस्तव्यवसाय शिकविले जात. मगनबाई १९३० साली निवर्तल्या. वसतिगृहांच्या इतिहासात देणगीदारांची नावे ठळक येतात. या भगिनींच्या श्रमांना मात्र एखाददुसरी ओळ मिळते, ही उणीव अद्याप भरून निघालेली नाही.

वसतिगृहांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाने ज्याला दाराबाहेर केले, त्यानेच वसतिगृहाची कल्पना दाराबाहेर नेली. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग निघाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. घरोघरच्या मूठभर धान्यावर चालणारा मुष्टिफंड हा त्यांच्या कार्याचा एक आधार होता, आणि तो अपुरा पडला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, मंगळसूत्रासह, मुलांच्या अन्नासाठी गेले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ योजनेतील तेथील विद्यार्थी अंगमेहनतीची कामे करीत आणि त्या मोबदल्यावर आपले शिक्षण पुरे करीत.