ऊर्जा-नवोद्यम वेगवर्धक कार्यक्रम
स्वच्छ ऊर्जेच्या क्षेत्रात नव्याने निघालेल्या, स्टार्टअप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान कंपन्यांची प्रस्थापित वीजकंपन्यांशी ठरावीक मुदतीत सांगड घालून देणारी योजना. निवडलेल्या नवोद्यमांना मार्गदर्शन, वीजकंपनीकडील तांत्रिक माहिती आणि प्रत्यक्ष विद्युत् जालावर प्रयोग करण्याची संधी, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. ही योजना एकविसाव्या शतकातील असली, तरी तिच्यामागील प्रश्न बराच जुना आहे.

एकाच प्रदेशात तारांची दोन जाळी उभारणे परवडत नाही, म्हणून वीजपुरवठा हा स्वभावतःच मक्तेदारीचा धंदा मानला गेला. मक्तेदारीच्या मोबदल्यात शासकीय दरनियंत्रण पत्करावे, असा विचार शिकागोचे वीजउद्योजक सॅम्युएल इन्सल यांनी १८९८ मध्ये मांडला आणि १९०७ मध्ये विस्कॉन्सिन व न्यूयॉर्क या राज्यांनी त्या धर्तीचे कायदे केले. या व्यवस्थेमुळे वीज सर्वदूर पोहोचली. परंतु वीजनिर्मितीचे नवे साधन शोधणाऱ्याला त्या प्रदेशात एकच गिऱ्हाईक उरले आणि तेही स्वतःची निर्मितिकेंद्रे असलेले.

ही कोंडी प्रथम कायद्याने फोडली. तेलटंचाईच्या काळात, नोव्हेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत सार्वजनिक सेवा नियामक धोरण अधिनियम (पर्पा) संमत झाला. त्याच्या २१० व्या कलमान्वये सहनिर्मितिकेंद्रांची, तसेच नवीकरणीय साधने वापरणाऱ्या ८० मेगावॉटपर्यंतच्या लहान केंद्रांची वीज विकत घेणे वीजकंपन्यांवर बंधनकारक झाले. ती वीज स्वतः निर्माण करण्यास कंपनीला जो खर्च आला असता, त्या ‘टळलेल्या खर्चा’वर दर बेतावयाचा होता. कंपन्यांनी न्यायालयात दाद मागितली. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हा दर उचलून धरला. कॅलिफोर्नियात दीर्घ मुदतीचे ठरावीक करार मिळू लागताच आल्टामाँट खिंडीत पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मोहावी वाळवंटात लूझ कंपनीने एकूण ३५४ मेगावॉट क्षमतेची नऊ सौर-औष्णिक केंद्रे बांधली. मात्र करारांतील दर तेल महागतच जाणार या अंदाजावर आधारलेले होते. १९८६ मध्ये तेल कोसळले, नवे करार आटले आणि १९९१ मध्ये लूझचे दिवाळे निघाले. तिची केंद्रे मात्र पुढेही अनेक वर्षे वीज देत राहिली. यंत्र उत्तम असूनही उद्योग बुडू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

सक्तीची जागा पुढे प्रोत्साहनाने घेतली. दर नियंत्रित असल्याने प्रयोगाचा तोटा कंपनीने सोसावा आणि लाभ ग्राहकाकडे जावा, असा हिशेब होत होता. साहजिकच कंपन्या प्रयोग टाळीत. हे जाणून ब्रिटनमधील ऑफजेम या नियामक संस्थेने २०१० मध्ये वितरण कंपन्यांच्या चाचण्यांसाठी पाच वर्षांकरिता ५० कोटी पौंडांपर्यंतचा निधी उपलब्ध केला. दरम्यान संगणक क्षेत्रात वेगवर्धकाची पद्धत रुळली होती (वाय काँबिनेटर, २००५). ती ऊर्जाक्षेत्रात आणणाऱ्या कार्यक्रमांपैकी ‘फ्री इलेक्ट्रॉन्स’ हा २०१७ चा कार्यक्रम विशेष उल्लेखनीय आहे. पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी, जपान, सिंगापूर, दुबई व ऑस्ट्रेलिया येथील आठ वीजकंपन्यांनी तो मिळून सुरू केला. वाय काँबिनेटर नवोद्यमाच्या भागभांडवलात वाटा घेते; येथे तसा वाटा मागितला जात नाही. आठ गिऱ्हाइकांची दारे एकदम उघडणे, हेच यातील खरे आकर्षण होय.

तथापि दार उघडणे म्हणजे मागणी नोंदविणे नव्हे. पथदर्शी प्रयोग कंपनीच्या नवोपक्रम विभागात होतो, तर खरेदी दुसराच विभाग करतो. त्याच्या निविदेत पूर्वानुभव व उलाढाल यांच्या अटी असतात. वीजकंपनीला दोन वर्षांचा विलंब जाणवत नाही. नवोद्यमाचे भांडवल मात्र तेवढ्यात संपते. पर्पाने दर आणि करार दिला होता, मार्गदर्शन नव्हे. वेगवर्धक नेमके उलट करतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या कार्यक्रमांचे मोजमाप निवडलेल्या नवोद्यमांच्या संख्येवरून न करता प्रयोगानंतर झालेल्या खरेदी-करारांवरून केले पाहिजे.

भारतात विद्युत् अधिनियम, २००३ च्या ८६ व्या कलमाने राज्य आयोगांना नवीकरणीय विजेच्या खरेदीचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार दिला. केंद्र शासनाच्या खरेदीत नवोद्यमांना पूर्वानुभवाच्या अटीतून सवलत देण्याचे धोरण २०१६ च्या सुमारास आले. त्यानंतर जैवतंत्रज्ञान विभाग, टाटा पॉवर व सोशल अल्फा यांच्या सहकार्याने दिल्लीत स्वच्छ ऊर्जा आंतरराष्ट्रीय उबवण केंद्र स्थापन झाले. नवोद्यमांना वीजवितरणाच्या प्रत्यक्ष जालावर आपली साधने तपासून पाहता यावीत, हा त्यामागील एक हेतू होता.