उपासनेतील गाणे कोणाचे?

नवी मुंबई हे वयाने लहान शहर आहे. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको स्थापन झाली, पुढे वाशीच्या खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल गाडी आली, आणि आगरी-कोळ्यांच्या जुन्या गावांभोवती साऱ्या देशातून आलेल्या माणसांचे संसार उभे राहिले. माणसे आली, तशी त्यांची दैवते आणि भजनेही आली. ख्रिस्ती समाजही याच रीतीने येथे आला. कोणी केरळातून, कोणी तामिळनाडूतून, कोणी गोवा-मंगळूरकडून, तर कोणी अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर, जालना, सोलापूर या बाजूंनी. रविवारी सकाळी वाशी-नेरुळच्या रस्त्याने जाताना एखाद्या प्रार्थनामंदिरातून गिटार, कीबोर्ड आणि ड्रमचा नाद ऐकू येतो. आत भिंतीवरच्या पडद्यावर गीताचे शब्द उमटत असतात, आणि ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून एखादा तरुण मंडळीला गाण्यात पुढे नेत असतो. ती गीते बहुधा इंग्रजी किंवा हिंदी असतात. ज्या आजीने लहानपणी नगरकडे टाळाच्या ठेक्यावर मराठी अभंग म्हटले, ती बाकावर बसून नुसती ऐकत असते.

या दृश्यावरून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुनी पदे गेली, उपासनेचे गांभीर्य गेले. दुसरा म्हणतो, तरुणांना त्यांच्या काळाचे संगीत दिले नाही तर तेच जातील. आम्हांस वाटते की या वादात जुने-नवे हा मुख्य मुद्दा नाहीच. उपासनेतील गाणे कोणाच्या तोंडी आहे, गायकांच्या की मंडळीच्या, हा खरा प्रश्न आहे, आणि तो फार जुना आहे. शिवाय तो एका समाजापुरता नाही. मराठी अभंगाच्या इतिहासाचे एक कमी वाचले गेलेले पान त्यात आहे. म्हणून सर्वच श्रोत्यांनी त्याकडे लक्ष द्यावे.

चौथ्या शतकात आशिया मायनरमधील लाओदिकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने असा नियम केला की, नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी मंदिरात गाऊ नये. पुढे पश्चिम युरोपात कित्येक शतके उपासनेचे गायन लॅटिनमध्ये आणि मुख्यतः पाद्री व गायकवृंद यांच्या स्वाधीन राहिले. सामान्य माणूस ऐकणारा झाला. मार्टिन ल्यूथरच्या प्रेरणेने १५२४ मध्ये जर्मन गीतांची छोटी पुस्तके छापली गेली, तेव्हा चांभार-सुतारांच्या तोंडी पुन्हा गाणे आले. इंग्लंडात आयझॅक वॉट्सने १७०७ मध्ये आपली गीते प्रसिद्ध केली, त्या वेळी बायबलातील स्तोत्रांऐवजी माणसाने रचलेली गीते उपासनेत म्हणावी काय, याचा वाद होताच. आज ज्यांना आपण 'जुनी' गीते म्हणतो, ती अशी एकेकाळी नवी आणि वादग्रस्त होती.

आपल्याकडची हकीकत याहून रंजक आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. धर्मांतर केलेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, पण पुराण ऐकण्याची भूक सुटली नव्हती. ही भूक ओळखून त्याने ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि मंदिरांतून मोठ्याने वाचले जाऊ लागले. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, ही ओवीची घडण लोकांच्या कानात जात्यापासून बसलेली होती. परक्या देशाची कथा त्या घडणीतून आपली झाली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. भाषा तोडली म्हणजे उपासनेची मुळे कशी उघडी पडतात, हे गोव्याने तेव्हा पाहिले.

मुंबईत १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी आले. त्यांच्या कार्यातून मराठी गीते निघू लागली, पण पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि इंग्रजी चालींवरच म्हणावयाची होती. अडचण येथेच होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरांवर किंवा मात्रांवर चालते. इंग्रजी चालीचा जोर जेथे पडतो, तेथे मराठी शब्दाचे नेमके हलके अक्षर येई. ऱ्हस्वाचा दीर्घ होई, शब्द मध्येच तुटे, आणि गाणाऱ्याला अर्थ सोडून चाल सांभाळावी लागे.

यावर तोडगा निघाला तो अहमदनगरकडे. १८६० नंतरच्या दशकात तेथे ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी देशी चालींवर पदे रचली. या चालींना मूर्तिपूजेचा वास येतो, अशी शंका तेव्हा पुष्कळांच्या मनात होती. तरीही कीर्तन टिकले, कारण लोक त्यात गाऊ लागले. मग आले नारायण वामन टिळक. १८६१ मध्ये जन्मलेल्या आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला प्रारंभी संतवाङ्मयापासून दूर व्हावेसे वाटले असते तर नवल नव्हते. परंतु तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी तुकोबांचा अभंगच हाती घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. एकदा ऐकला की पाठ होणारा हा छंद. मराठी मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत' या संग्रहात सर्वांत मोठा वाटा टिळकांचा आहे. त्यांच्या एका गीताचा निकोल मॅकनिकल यांनी केलेला अनुवाद इंग्रजी गीतसंग्रहांतही गेला. जी गंगा इकडे येत होती, तिचा एक ओघ उलट वाहिला.

वाद्यांचेही असेच आहे. कीबोर्ड परका आणि पेटी आपली, असे आपण सहज म्हणतो. पण ही पेटी १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली, आणि एका हाताने भाता व दुसऱ्याने पट्ट्या चालवण्याची बैठी घडण तिला पुढे कलकत्त्यात मिळाली. आपल्या रागसंगीताला ती मानवत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते. तोपर्यंत ती भजनी मंडळांच्या मांडीवर केव्हाच बसली होती! तात्पर्य, वाद्याचे कूळ पाहून त्याला आत-बाहेर ठरविणे व्यर्थ आहे.

मग आजच्या नव्या उपासनासंगीताविषयी काय म्हणावे? त्याचा उगम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील तरुणांच्या धार्मिक चळवळीत आहे. गिटार घेऊन साध्या शब्दांत देवाशी बोलावे, हा त्यांचा मूळ हेतू होता, आणि तो चांगला होता. पुढे सिडनीतील हिलसाँग, कॅलिफोर्नियातील बेथेल अशा थोड्या मोठ्या मंडळ्यांची गीते ध्वनिमुद्रणांच्या द्वारे जगभर गेली आणि नवी मुंबईतही आली. ज्या शहरात चार भाषांची माणसे एका छताखाली बसतात, तेथे इंग्रजी-हिंदी गीतांनी त्यांना एकत्र आणले, हे त्या गीतांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु ध्वनिमुद्रणाने एक नवी लाओदिकेया उभी केली आहे. ही गीते कसलेल्या गायकाच्या गळ्याच्या बेताने बांधलेली असतात. त्याची पट्टी उंच, चालीचा आवाका दीड सप्तकाचा. सामान्य गळा एका सप्तकाच्या आसपासच सुखाने फिरतो. वर ड्रमचा आवाज एवढा की शेजारी गातो आहे की नाही हे कळू नये. दर दोन-चार महिन्यांनी गीते बदलतात, म्हणून पाठ काहीच होत नाही. कोणी मज्जाव केलेला नसतो, तरी मंडळी हळूहळू मुकी होते. याची झळ सणाच्या दिवशी लागत नाही. ती लागते दुखण्याच्या आणि मरणाच्या घरी. रात्री उशाशी बसलेल्या माणसांजवळ पडदा नसतो, वाद्यवृंद नसतो; जे पाठ असेल तेवढेच ओठांवर येते. ज्या पिढीला मातृभाषेतले एकही पद पाठ नाही, ती त्या रात्री काय म्हणणार?

पश्चिमेकडच्या काही जाणत्यांना हे उमगले आहे. इंग्लंडात वॅटफर्ड येथील एका मंडळीने १९९० नंतरच्या दशकात काही आठवडे वाद्ये आणि ध्वनियंत्रणा बाजूला ठेवून नुसत्या गळ्यांनी गाऊन पाहिले. अनेक तरुण गायक आता जुनी गीते शोधून काढतात, त्यांना नवा ठेका देतात. त्यात भ्रष्टता नाही. गुलामांच्या जहाजावरचा एकेकाळचा कप्तान जॉन न्यूटन याच्या 'अमेझिंग ग्रेस' या गीताचेच पाहा. शब्द १७७९ मध्ये छापले गेले. आज जगभर ऐकू येणारी चाल त्यांना अमेरिकेत १८३५ मध्ये जोडली गेली. आणि २००६ मध्ये ख्रिस टॉमलिनने त्याला नवे ध्रुपद जोडले. जुने गीत हे असे पिढ्यापिढ्यांनी वस्ती केलेले घर असते.

रोमन कॅथलिक जगात हीच दिशा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात दाखविली. लोकभाषेला वाव द्यावा, मंडळीने गाण्यात भाग घ्यावा, आणि ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला योग्य मान द्यावा, असे तीत सांगितले आहे.

नवी मुंबईतील गाण्याच्या पुढाऱ्याला यासाठी वॅटफर्डला जाण्याचे कारण नाही. त्याचा गुरू घरचाच आहे. तो म्हणजे आपला कीर्तनकार. कीर्तनकार चरण म्हणतो, टाळकरी तो उचलतात, आणि ध्रुपद सभेच्या हाती सोडून तो क्षणभर गप्प राहतो. सभा किती जोराने गाते, यावर त्याचे यश मोजले जाते. गिटार हाती असलेल्या तरुणानेही हे करून पाहावे. पट्टी दोन स्वरांनी खाली आणावी. महिन्याला टिळकांचा एकच अभंग घ्यावा. तो कोणी, कोठे, कशासाठी रचला हे दोन वाक्यांत सांगावे. मल्याळी-तमिळ भावंडांसाठी पडद्यावर अर्थ द्यावा. आणि महिनाभर तोच म्हणावा. शेवटच्या कडव्याला वाद्ये थांबवावी. त्याबरोबर नवी गीतेही म्हणावी, आणि ज्याला देणगी असेल त्याने मराठीत नवी रचावी. टिळकांनी दुसरे काय केले?

परंपरा राखणे म्हणजे पुस्तक कपाटात ठेवणे नव्हे. अभंग ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवशी तो एका कवीचा होता. लोकांनी म्हटला, तेव्हा तो मराठी मंडळीचा झाला. बाकावर गप्प बसलेली ती आजी आपल्या मंडळीचे चालते-बोलते गीतपुस्तक आहे. तिला पाठ असलेली पदे तिच्या नातवंडांनी तिच्याकडून शिकून घ्यावी, आणि हे काम फार दिवस लांबणीवर टाकण्याजोगे नाही.