खांद्यावरचे तीन आकडे

घरातला जुना फौजी फोटो हातात आला की लोक आधी चेहरा बघतात, नाक कुणावर गेलंय ते ठरवतात. मी आधी बटणं बघतो. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू वर येते आणि पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात. दोन्ही उलटं दिसलं तर निगेटिव्ह पालथी छापली गेली आहे.

मग रंग. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बऱ्याच काचांवर लाल रंग काळपट उमटायचा आणि निळा अगदी फिकट. त्यामुळे फितीच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून झटक्यात पदक ओळखणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. फोटो ‘सुधारणाऱ्या’ ॲपवर तर मुळीच नाही. सॉफ्टवेअर हाच माझा धंदा असल्यामुळे सांगतो: अस्पष्ट डाग दिला की ते अंदाजाने बिल्ला काढून देतं, गुळगुळीत, देखणा आणि कुठल्याच पलटणीचा नसलेला. मूळ फोटो मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करा आणि डाग डागच राहू द्या.

भरवसा ठेवायचा तो पितळेवर. १९२२पूर्वी पायदळाच्या पलटणींना क्रमांक होते. १०३, १०५, ११०, ११६, ११७ या मराठा पलटणी. १९२२च्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. म्हणजे खांद्यावर ११० दिसला तर फोटो त्याआधीचा. बिल्ल्यावर नुसतं बिगुल दिसलं म्हणून ‘मराठा’ म्हणू नका, ते सगळ्याच लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह आहे.

आमच्या पणजोबांच्या खांद्यावर १११ आहे.

आत्या लहानपणापासून ऐकत आली की तिचे आजोबा कुतच्या वेढ्यात होते. पण मेसोपोटेमियातलं कुत २९ एप्रिल १९१६ला पडलं आणि १११ महार ही पलटण उभी राहिली १९१७मध्ये. हे सांगितल्यावर आत्या दोन दिवस नीट बोलली नाही. मी आजोबांना लहान केलं, असं तिला वाटलं.

मला उलटं वाटतं. १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत असलेल्या घरांतल्या पोरांना ती वाटच उरली नाही. युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा दार किलकिलं झालं, १११ उभी राहिली, आणि १९२१मध्ये मोडलीही. त्यानंतर महार रेजिमेंट निघाली ती थेट १९४१ला, बेळगावात. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे मधल्या वीस वर्षांत असा फोटो निघणंच शक्य नव्हतं. कुतमध्ये हजारो हिंदी शिपाई अडकले होते. १११ हा आकडा खांद्यावर लावायला मिळालेली माणसं त्या मानाने थोडीच, आणि त्यातला एक आमच्या भिंतीवर आहे.

अर्थात फोटो त्या एका दिवसाची पलटण सांगतो. त्याआधी ते मजूर म्हणून बसऱ्याकडे गेले होते का, हे कपड्यांवरून कळणार नाही, म्हणून आत्याची गोष्ट मी पूर्ण खोडत नाही. कुणी म्हणेल, स्टुडिओत उसना कोट घालूनही लोक उभे राहत. पणजोबांचा कोट बाह्यांत आखूड आहेच. पण पायाच्या पट्ट्या बघा. घोडदळातले त्या गुडघ्याकडून खाली गुंडाळत, पायदळातले घोट्याकडून वर. पणजोबांची गाठ गुडघ्याखाली आहे, दोन्ही पायांवर एकाच उंचीला.