नगरसभा आधीं कीं कायदेकौंसिल ?

लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें ता. १८ मे १८८२ रोजीं स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. त्याचें मर्म असें सांगतात कीं, गांवचा कारभार पाहतां पाहतां लोक राज्यकारभार शिकतील. ठरावांत कारभाराच्या सुधारणेहून लोकशिक्षणास अधिक महत्त्व दिलें आहे, हें खरेंच. परंतु विद्यार्थ्यास वरची इयत्ता केव्हां मिळावयाची, याचा त्यांत उल्लेख नाहीं. आयुष्य शाळेंत घालविलेल्या प्रस्तुत लेखकास ही उणीव प्रथम जाणवावी, यांत नवल नाहीं.

नगरसुधारणेचा पक्ष मुंबईवरून उत्तम मांडतां येतो. तेथें रिपनच्या ठरावापूर्वींच, १८७२ च्या कायद्यानें, ६४ सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरलें होतें. १८८८ च्या कायद्यानें ही संख्या ७२ झाली व त्यांतील ३६ वॉर्डांतून येऊं लागले. अंमल मात्र सरकारनियुक्त कमिशनराच्या हातीं राहिला. यास निव्वळ सरकारी कपट म्हणणें योग्य नव्हे. अंमल एकहातीं असावा व त्यावर लोकनियुक्त सभेचा दाब असावा, हें मत फिरोजशहा मेहता यांनीं १८७१ सालींच मांडलें होतें.

उलट पक्षाचें बळ पैशांत आहे. डिसेंबर १८७० च्या मेयोच्या ठरावानें रस्ते, शिक्षण, पोलीस इत्यादि खातीं ठराविक रकमेसह प्रांतांकडे गेलीं. तूट पडेल ती स्थानिक करांनीं भरावी, असा त्याचा रोख. जमीनमहसूल, मीठ, लष्कर यांचे निर्णय नगरसभेच्या आवाक्याबाहेरचे. मग १८८५ पासून राष्ट्रीय सभा कायदेकौंसिलांच्या विस्ताराची मागणी करूं लागली, ती उतावीळपणानें केली असें कसें म्हणावें ?

तथापि हे दोन मार्ग परस्परविरोधी होते, हें मला मान्य नाहीं. १८९२ च्या कायद्यांत निवडणुकीचा शब्द टाळला होता. तरी त्याखालील नियमांनीं नांवें सुचविण्याचा अधिकार मिळाला तो मुख्यतः या स्थानिक संस्थांसच. १८९३ सालीं मुंबईच्या कॉर्पोरेशननें फिरोजशहांस प्रांतिक कौंसिलांत पाठविलें. १८९५ सालीं मध्यभागाच्या लोकलबोर्डांनीं टिळकांस. खालची पायरी नसती तर वरची चढावयास मतदार कोठून आणणार होते ?

परंतु त्या पायरीचा कच्चेपणा लौकरच उघड झाला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं कलकत्त्यास सांथीच्या रोगांचा कायदा संमत झाला, आणि पुण्यांत प्लेगचा बंदोबस्त नगरपालिकेस बाजूस सारून रँडसाहेबांच्या कमिटीकडे देण्यांत आला. घरझडत्यांनीं गांजलेल्या रहिवाशांस आपल्याच निवडलेल्या सभासदांकडे दाद मागण्याची सोय उरली नाहीं. पंधरा वर्षांची शिकवणी एका हुकुमानें निरुपयोगी ठरली.

पुढें १९१९ च्या कायद्यानें स्थानिक स्वराज्याचें खातें लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलें. प्रांताची तिजोरी मात्र राखीव खात्यांतच राहिली.